पक्षी दिसला नाही, हेही लिहायचं

समुद्रपक्ष्यांच्या पहिल्याच सर्वेक्षणात मला बोट लागली. मालवणहून ट्रॉलर पहाटे सुटला आणि सूर्य वर येईपर्यंत माझ्या पोटात काही शिल्लक राहिलं नव्हतं. तांडेलकाका म्हणाले, "खाली बगू नको गो, लांब बग." मी लांब बघत राहिले. सात तासांत वहीत अकरा ओळी झाल्या: काही कुरव (गल), बाकी सगळे सुरय (टर्न).

परतल्यावर सरांनी वही चाळली. "साडेसात ते सव्वानऊ काय केलंस?"

"काही नाही सर, एकही पक्षी नव्हता."

"मग तसं लिही. जागा कोरी आहे म्हणजे तू बघतच नव्हतीस."

समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासात पुढे जे काही शिकले, त्याची सुरुवात या बोलण्यातून झाली. बोटीवरून मोजण्याची रूढ पद्धत अशी: एका बाजूला, नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) काटकोनात, ३०० मीटरपर्यंतचा पट्टा धरायचा आणि त्यातलेच पक्षी मोजायचे. पाण्यावर बसलेले सलग मोजायचे. उडणारे मात्र ठरावीक क्षणांनाच, नाहीतर बोटीमागे घिरट्या घालणारा एकच कुरव दहादा मोजला जातो. पक्षी भागिले पाहिलेला समुद्र, एवढंच गणित. रिकामे तास लिहिले नाहीत तर भाजक खोटा ठरतो आणि कोकणचा समुद्र पक्ष्यांनी गजबजलेला दिसू लागतो! शून्यांनी भरलेल्या अशा नोंदींसाठी संख्याशास्त्रात वेगळी प्रारूपं आहेत. एम.एस्सी.ला असतानाच 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकून घ्या. दुर्बीण उसनी मिळते, संख्याशास्त्र मिळत नाही.

शिक्षणाची वाट सरळ नाही, कारण आपल्याकडे 'समुद्रपक्षी' असा विभाग मला तरी कुठे भेटला नाही. प्राणिशास्त्र किंवा सागरी जीवशास्त्राची पदवी, मग वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. (डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र म्हणजेच एनसीबीएस ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात) आणि विषय आपणच रेटून धरायचा. मुलाखतीत "वाघ का नाही?" असं विचारतील. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर सुरय घरटी करतात आणि लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर समुद्रपक्ष्यांची वसाहत आहे, हे त्यांना सांगायची तयारी ठेवा.

पीएच.डी.साठी मी स्कॉटलंडला गेले. पक्षी होता फुलमार. दिसायला साधा कुरव. पण घरट्याजवळ गेलात तर पोटातलं तेल नेम धरून अंगावर ओकतो. तो वास कपड्यांतून जात नाही. व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं, तर म्हणाली, "सुकट विकणाऱ्याशी लग्न केलं असतंस तर एवढं लांब जावं लागलं नसतं."

या पक्ष्याने मला वेळेचा हिशेब शिकवला. फुलमार साधारण नवव्या वर्षी पहिल्यांदा अंडं घालतो, तेही वर्षाला एकच. माझी शिष्यवृत्ती साडेतीन वर्षांची. म्हणजे मी ओळखीसाठी पायात कडी घातलेलं पिल्लू आई होईपर्यंत माझं काम संपलेलं असणार. स्कॉटलंडच्या ऑर्कनी द्वीपसमूहातल्या आयनहॅलो बेटावर पक्षीशास्त्रज्ञ जॉर्ज डनेट यांनी १९५० साली फुलमारचा अभ्यास सुरू केला आणि तो त्यांच्या पश्चातही चालू राहिला. त्यांचे एकाच पक्ष्यासोबतचे दोन फोटो आहेत, मध्ये काही दशकांचं अंतर. डनेट म्हातारे झालेले दिसतात, पक्षी होता तसाच. माझ्या प्रबंधातला निम्मा भाग माझ्या जन्माआधीच्या लोकांनी पावसात भिजत लिहिलेल्या वह्यांवर उभा आहे. तेव्हा अक्षर नीट काढा, आणि पेन्सिलने लिहा. शाई पाण्यात फुटते.

मेलेले पक्षीही कामाचे असतात. उत्तर समुद्रातल्या प्लास्टिकचं माप किनाऱ्यावर वाहून आलेल्या फुलमारांच्या पोटावरून घेतात. उद्दिष्ट असं की ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त प्लास्टिक दहा टक्क्यांहून कमी पक्ष्यांत सापडावं. अजून तिथवर पोहोचलेले नाहीत.

पैशाचं थोडक्यात. पीएच.डी.नंतर वर्ष-दोन वर्षांची कंत्राटं, आणि त्या प्रत्येकासाठी नवं गाव. युरोपात समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी पक्षी-सर्वेक्षण लागतं, त्यात बरे पैसे मिळतात. मीही केलं, त्यात कमीपणा काही नाही. एका प्रकल्पाने मात्र माझ्या चार महिन्यांच्या नोंदी वापरल्या आणि शोधनिबंधात नाव घातलं नाही. तेव्हापासून काम सुरू होण्याआधी 'नोंदी कोणाच्या, नाव कोणाचं' हे ईमेलवर लिहून घेते. तुम्हीही घ्या, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

आत्ता सुरुवात करायची असेल तर बोटीची गरज नाही. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते आणि नेमकं तेव्हाच वादळी वारा खोल समुद्रातले बूबी, वादळपाखरं किनाऱ्यावर आणून टाकतो. एकच किनारा निवडा, महिन्यातून एकदा तेवढंच अंतर चाला, भरतीची रेषा धरून. दमलेला पक्षी सापडला तर पुन्हा समुद्रात ढकलू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि वनविभागाला कळवा. मेलेला असला तरी घरी आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगी लागते. फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा.

मी परत आल्यापासून निवतीचा किनारा चालते. गेल्या महिन्याची नोंद: दोन किलोमीटर, दीड तास, पक्षी शून्य. या महिन्याची राहिली आहे. पौर्णिमेचं उधाण ओसरलं की जाईन.