आई-वडिलांनी खोट्या कागदावर मिळवलेली जागा सोडायची कशी

गेल्या ऑक्टोबरमध्ये, दसरा होऊन आठवडा झाला असेल, माझा भाचा सांगलीत विश्रामबागला माझ्या घरी आला. हातात निळी प्लास्टिकची फाइल. चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, "मावशी, हा दाखला बघ. खरा आहे का?"

मी सत्तावीस वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेश विभागात काढली, त्यातली शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. दाखला खरा होता. तहसीलदारांची सही, बारकोड, सगळं अस्सल. खोटा होता तो आतला आकडा. दाजींनी तलाठ्यापुढं अडीच एकर जिरायत सांगितली आणि मार्केट यार्डातली हळदीची अडत सांगितलीच नाही. वार्षिक उत्पन्न, एक लाख दहा हजार. त्या आकड्यावर पोराला टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे ट्यूशन फी माफ असलेली जागा मिळाली होती. मंजूर जागांच्या पाच टक्के अशा जागा असतात, साठच्या वर्गात तीन, आणि त्या आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांच्या. त्या तीनपैकी एकीवर तो सव्वा वर्ष बसला होता. लॅपटॉपच्या हप्त्यासाठी वडिलांचं आयकर विवरणपत्र काढलं, तेव्हा त्याला हे कळलं.

त्यानं विचारलं, मी आता काय करू? त्या रात्री आणि पुढच्या दोन महिन्यांत आम्ही जे केलं, ते इथं लिहिते आहे. तुझ्यावर अशी वेळ आली असेल तर तुझ्यासाठी. मावशीच्या वयाची आहे, म्हणून तू म्हणते.

आधी नक्की काय झालंय ते बघ. वडिलांनी कर्ज काढून तुला लातूरला क्लासला पाठवलं, ही फसवणूक नाही. मॅनेजमेंटच्या जागेवर ठरलेली फी भरून पावती घेऊन प्रवेश झाला, ते तुला आवडो न आवडो, नियमात आहे. पावतीशिवाय वर पैसे दिले असतील तर ते मात्र नियमात नाही. कॅपिटेशन फीला आपल्या राज्यात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. आडनावात एक वेलांटी चुकली, जन्मगावाचं नाव वेगळं पडलं, तर ती दुरुस्ती आहे, गुन्हा नव्हे. मी अशी मुलं पाहिली आहेत जी एका वेलांटीपायी महिनाभर झोपली नाहीत. प्रश्न एवढाच विचार: तो कागद खरा असता, तर ही जागा मला मिळाली असती का? उत्तर "नाही" असेल, तरच पुढचं वाच.

मग कागद गोळा कर. सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाच्या, लॉगिनमध्ये तुझा भरलेला अर्ज आणि अपलोड केलेले दाखले असतात. ते उतरवून घे. दाखल्यावर बारकोड असतो. राज्य सरकारच्या 'आपले सरकार' या साइटवर तो टाकला की दाखला खरंच दिलेला आहे की नाही ते दिसतं. हातानं लिहिलेला जुना दाखला असेल तर जावक क्रमांक आणि तारीख उन्हात धरून बघ, शाई एकच आहे का. फाइलमधला एकही कागद फाडू नको, कितीही राग आला तरी. मित्रांच्या ग्रुपवर तर फोटो अजिबात टाकू नको.

आणि एका वहीत, तुला हे ज्या दिवशी कळलं ती तारीख लिहून ठेव. ही गोष्ट छोटी वाटते, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. अर्जावर सही झाली तेव्हा तू सतरा वर्षांचा होतास, कागद वडिलांनी आणला, तुला माहीत नव्हतं. तोपर्यंतचं ओझं तुझं नाही. पण खोटा कागद खोटा आहे हे माहीत असताना तो खरा म्हणून वापरणं हा कायद्यानं स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो वापरणाऱ्याचा आहे. म्हणून त्या तारखेनंतर त्याच दाखल्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज, नूतनीकरण, हमीपत्र, कशावरही सही करू नको. कॉलेजचा क्लार्क म्हणेल, "आज शेवटची तारीख आहे, पटकन सही कर." नको करू.

आता घरी बोलायचं. हे सगळ्यात अवघड. माझ्या भाच्यानं पहिल्यांदा जेवताना विषय काढला आणि सगळं ताट तसंच राहिलं. दाजी म्हणाले, "सगळी दुनिया करती. तुझ्याच पायी केलं ना?" ताई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. तो उठून गच्चीवर गेला.

दुसऱ्या वेळी आम्ही रविवारी सकाळी बसलो, चहा झाल्यावर, मी समोर. त्याला मी सांगितलं होतं, "पप्पा, तुम्ही खोटं बोललात" असं सुरू करू नको, "मी ती जागा सोडणार आहे" असं सुरू कर. पहिल्या वाक्यावर बाप स्वतःचा बचाव करत बसतो. दुसऱ्या वाक्यावर त्याला पोराकडं बघावं लागतं. दाजी बराच वेळ कपाच्या कानाशी खेळत राहिले. मग पोरगं बोललं, "मला खुल्या जागेवर जमलं नसतं, असं वाटलं का तुम्हाला?" तेव्हा दाजींचे डोळे भरले.

अमेरिकेत २०१९ साली असंच मोठं प्रकरण उघड झालं. श्रीमंत आई-बापांनी दलालाला पैसे देऊन मुलांना नामांकित विद्यापीठांत घुसवलं होतं, कुणाची परीक्षेची उत्तरं सुधारून, कुणाला न खेळलेल्या खेळाचा खेळाडू दाखवून. फेलिसिटी हफमन या अभिनेत्रीनं मुलीची उत्तरं सुधारून घ्यायला पंधरा हजार डॉलर दिले आणि त्यापायी चौदा दिवसांची शिक्षा घेतली. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं आईला विचारलं, तुझा माझ्यावर विश्वास का नव्हता. हे आईनंच न्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रात आहे. माझ्या भाच्यानं ते पत्र वाचलेलं नव्हतं. तरी प्रश्न तोच आला.

त्या प्रकरणात येलनं एकाचा प्रवेश रद्द केला, जॉर्जटाउननं दोघांना काढलं. मुलांचा काय दोष, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. ताईनंही मला तेच विचारलं. दोष नाही, हे मला मान्य आहे. तरीही मी म्हणते, राहू नये. का, ते सांगायला मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल.

२००९ च्या जुलैत कागदपत्रं तपासायच्या टेबलावर मी होते. एक नॉन-क्रीमीलेअर दाखला, म्हणजे मागासवर्गातलं घर उत्पन्नाच्या ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला आला, त्यातल्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडून पुन्हा लिहिलेला. आठाचा नऊ. नवाची शेपटी ओळीच्या खाली गेली होती, बाकी अक्षरांची जात नव्हती. मी साहेबांकडं नेला. साहेब म्हणाले, "घेऊन टाका, ओळखीचे आहेत." मी बरोबरची खूण केली. माझ्या हातानं. चार दिवसांनी जत तालुक्यातली एक मुलगी वडिलांबरोबर आली. यादीत तिच्या पुढं एकच नंबर होता आणि जागा संपल्या होत्या. वडिलांनी डोक्यावरचा फेटा काढून काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "बाई, कुणी सोडली तर कळवाल का?" मी त्यांचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून घेतला. कुणी सोडली नाही. ती चिठ्ठी मी निवृत्त होईपर्यंत ड्रॉवरमध्ये होती.

निर्दोष मुलगा त्या जागेवर बसला की ती निर्दोष मुलगी बाहेर उभी राहते. कुणी तरी एक निर्दोष बाहेर राहणारच आहे. मग ती का?

न्यायालयांचं म्हणणंही काळाबरोबर कडक होत गेलंय. २००० साली महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद या निकालात सर्वोच्च न्यायालयानं जमातीचा दावा नाकारला, पण इतक्या वर्षांनी डॉक्टरची पदवी काढून घेतली नाही. शिकवण्यावर खर्च झालाय, समाजाला उपयोग होईल, असा विचार केला. २०१७ च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेशातल्या व्यापम प्रकरणात, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या घोटाळ्यात, मात्र ६३४ जणांचे वैद्यकीय प्रवेश रद्द करण्याचा निर्णय न्यायालयानं कायम ठेवला. त्यातले कित्येक अभ्यासक्रम पुरा करून बसले होते. आधीच्या टप्प्यावर एका न्यायमूर्तींनी सुचवलं होतं की त्यांना शिकू द्यावं आणि बदल्यात पाच वर्षं सैन्यात बिनपगारी सेवा घ्यावी. ते मान्य झालं नाही. अर्थात ती मुलं स्वतः गैरप्रकारात होती, तुझं तसं नाही. पण त्याच वर्षी जुलैत जातीच्या खोट्या दाखल्यांबद्दल निकाल आला, त्यात दावा करणाऱ्याच्या मनात लबाडी होती की नव्हती हे बघायची गरज नाही, लाभ परत जाणारच, असं न्यायालयानं म्हटलं. आपल्या राज्याचा २००० चा जात प्रमाणपत्र कायदा तर पदवीही रद्द करतो. तेव्हा "मला माहीत नव्हतं" ही ढाल शिक्षेपासून वाचवेल, जागा वाचवणार नाही.

ठरलं असेल तर आता क्रम नीट पाळ. कॉलेजात अर्ज देण्याआधी वकिलाला भेट. वडिलांवर गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि अर्जातला एक शब्द इकडचा तिकडं झाला तर तुझ्यावरही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. मुलींना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मुलांनी अटी विचारून घ्याव्यात. जातीच्या दाखल्याचं प्रकरण असेल तर वकिलाशिवाय पाऊलही टाकू नको.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, अर्ध्या पानाचा. आम्ही लिहिला तो असा: "माझ्या प्रवेशाच्या वेळी जोडलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यातील माहिती चुकीची असल्याचे मला दि. अमुक रोजी समजले. त्या आधारे मिळालेली जागा मी सोडत आहे. माफ झालेले शुल्क भरण्याची माझी तयारी आहे. माझी मूळ कागदपत्रे व शाळा सोडल्याचा दाखला मिळावा." बस्स. रडगाणं नको, वडिलांची बदनामी नको, "घरगुती अडचणीमुळे" असं खोटं कारण तर नकोच. एक खोटं सोडायला दुसरं खोटं लिहायचं नाही. दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन परत आणायची. क्लार्क म्हणेल, ठेवून जा, साहेब आले की देतो. शिक्का मिळेपर्यंत हलायचं नाही. मी त्या खुर्चीवर बसले आहे, म्हणून सांगते.

माफ झालेले पैसे रोख कुणाच्या हातात देऊ नको. कॉलेज लेखी आकडा देईल, तो बँकेतून भर, पावती जप. आमचा आकडा दीड लाखाच्या आसपास आला. दाजींनी अडतीच्या खात्यातून भरला.

तू पहिल्याच वर्षाला असशील आणि प्रवेशाच्या फेऱ्या अजून चालू असतील, तर हे सगळं आजच्या आज कर. कारण तेव्हा सोडलेली जागा यादीतल्या पुढच्या मुलाला खरोखर मिळू शकते. फीसुद्धा परत मिळते: यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी सोडली तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा जाऊन पूर्ण, त्यानंतर नव्वद, ऐंशी, पन्नास टक्के अशी उतरत जाते, आणि तारीख उलटून महिना गेला की काही नाही. तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांना त्यांच्या परिषदेचे नियम लागू होतात, तेही विचार.

शेवटच्या वर्षाला असशील तर? मला हा प्रश्न खूप छळतो. तेव्हा सोडलेली जागा कुणालाच मिळत नाही. तरी गप्प राहून पदवी घे, असं मी म्हणणार नाही. लिहून कळव, पैसे भर, आणि पुढचं ठरवणं प्रवेशाच्या प्राधिकरणावर सोड. ते कदाचित पुरं करू देतील, कदाचित नाही. पण आपल्याच प्रकरणात आपणच न्यायाधीश व्हायचं नाही.

सोडल्यावर वर्ष वाया जातं. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. भाचा डिसेंबरात पंधरा दिवस खोलीबाहेर आला नाही. शेजारी विचारायचे, सुट्टी आहे का. त्याला मी साताऱ्याला माझ्या जुन्या मैत्रिणीकडं घेऊन गेले. ती कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतमध्ये कमवा आणि शिका योजनेतून शिकली, कॉलेजच्या बागेला पाणी घालून. तिनं त्याला उपदेश केला नाही. तळहात दाखवला आणि म्हणाली, "हे घट्टे चाळीस वर्षांत गेले बघ, पदवी आहे अजून." येताना एसटीत तो पहिल्यांदा पुढच्या सीईटीबद्दल बोलला. वाटा आहेत: पुन्हा सीईटी, साध्या कॉलेजात बीएस्सी, नोकरी करत नाशिकचं मुक्त विद्यापीठ. त्यानं जानेवारीपासून सकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं आणि दुपारी अभ्यास.

यंदा अर्ज भरायला तो माझ्याच घरी बसला होता. शेवटी टी असलेले, म्हणजे फी-माफीच्या जागांचे, कोड त्यानं या वेळी उघडलेच नाहीत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न या रकान्यापाशी थांबला, फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. यार्डात सौदे चालू होते, मागून पुकारा ऐकू येत होता. "पप्पा, आकडा सांगा." पलीकडं थोडा वेळ नुसता पुकारा. मग दाजी म्हणाले, "लिही. अकरा लाख चाळीस हजार."