पॅनल नाही, भाऊबंद नाहीत: खान्देशातल्या गावात सरपंचपदाला उभं राहायचं तर

जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या बहुतेक गावांत सरपंचकी म्हणजे दोन पॅनल आणि त्यांच्यामागची दोन घराणी. 2022 पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो, म्हणून एकट्याला वाट आहे. पण भाऊबंद पाठीशी नसलेल्या उमेदवाराला मतदानाआधी कागदावरच पाडायचा प्रयत्न होतो. तयारी कागदापासून करा, तीही वर्षभर आधी.

पहिलं काम आरक्षण बघणं. 2025 ते 2030 या काळासाठीची यादी तहसील कार्यालयात मिळेल. अक्कलकुवा, धडगाव आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या इतर गावांत (साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांचाही काही भाग त्यात येतो) सरपंचपद अनुसूचित जमातीसाठीच असतं. तुमच्या प्रवर्गाला पद सुटलं नसेल तर बाकी धावपळ करू नका. राखीव पदासाठी जातवैधता प्रमाणपत्र लागतं. ते हातात नसेल तर किमान जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र हवं, आणि ठरल्या मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर पद जातं. माहेरच्या नावाचा जातीचा दाखला आणि सासरच्या नावाची मतदार यादी हा घोळ तर दर निवडणुकीत होतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच काढून ठेवा.

पात्रतेचं थोडक्यात: वय 21 पूर्ण, गावाच्या मतदार यादीत नाव, जन्म 1 जानेवारी 1995 रोजी किंवा नंतरचा असेल तर सातवी पास. 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या जन्मामुळे अपत्यं दोनपेक्षा जास्त झाली असतील तर विषय संपला. घरी शौचालय हवं आणि ते वापरात हवं.

घरपट्टी-पाणीपट्टी मात्र थोडक्यात उरकू नका. बिल बजावल्यापासून 3 महिन्यांत भरलं नाही तर अपात्रता ओढवते. पावत्या ठेवा आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागा. भाऊसाहेब (म्हणजे ग्रामसेवक, आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) 'उद्या या' म्हणत राहिले तर हुज्जत घालू नका. लोकसेवा हक्क कायद्याखाली हा दाखला आणि नमुना 8 चा (ग्रामपंचायतीतल्या घर-मिळकतीच्या नोंदीचा) उतारा 5 दिवसांत द्यायचा असतो. लेखी अर्ज करा, तारखेसह पोच घ्या.

सगळ्यात घातक मुद्दा अतिक्रमणाचा. ओटा सरकारी जागेत दोन फूट पुढे आला, गोठा गायरानात गेला, एवढं विरोधकाला पुरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार नवऱ्याने किंवा सासऱ्याने केलेल्या अतिक्रमणात राहणाऱ्यालाही अपात्रता लागू होते. उलट जळगाव जिल्ह्यातल्याच विचखेड्याच्या महिला सरपंचांना त्याच न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये पद परत दिलं. सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात असा त्यांच्यावर आरोप होता. पण त्या निवडून आल्या होत्या 2021 मध्ये; मधली वर्षं जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि उच्च न्यायालय यांत गेली. म्हणून उभं राहण्याआधी घराची जागा नमुना 8 वर आणि सनदेवर पडताळा, शंका असेल तर मोजणी करून घ्या आणि पुढे आलेलं बांधकाम स्वतःच काढा.

उमेदवारी अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि सही करून छापील प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायची. शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर रडतो. डिसेंबर 2020 मध्ये आयोगाला ऐनवेळी कागदी अर्जांना परवानगी द्यावी लागली होती, पण दर वेळी तसं होईल या भरवशावर बसू नका. अर्ज पहिल्या-दुसऱ्या दिवशीच द्या, म्हणजे त्रुटी निघालीच तर दुरुस्तीला वेळ राहतो. निवडणुकीसाठी वेगळं बँक खाते आधीच उघडा. शपथपत्रातला एकही रकाना कोरा सोडू नका. लागू नसेल तिथे 'निरंक' लिहा. छाननीला स्वतः हजर राहा, मूळ कागद घेऊन.

माघारीची मुदत दुपारी 3 ला संपते आणि मग चिन्ह मिळतं. ग्रामपंचायतीत पक्षाचं चिन्ह नसतं. मुक्त यादीतलं कपबशी, छत्री, शिट्टी असं लांबून ओळखू येणारं मागा. माघारीपर्यंत 'बिनविरोध करू, मंदिराला पैसे देऊ' अशी बोलणी चालतात. त्यात बसू नका. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत सरपंचपदाची 42 लाखांची बोली झाली आणि आयोगाने जानेवारी 2021 मध्ये तिथली निवडणूकच रद्द केली.

प्रचाराला दिवस थोडे उरतात. सभेवर खर्च न करता घरोघरी जा, आणि जिथे अहिराणी बोलतात तिथे अहिराणीतच बोला: "नाना, ध्यान ठेवज्यात." सकाळी लोक शेतात असतात, संध्याकाळी 7 नंतर ओट्यावर भेटतात. सुरत-उधन्याला गेलेल्यांची वेगळी यादी करा आणि त्यांना फोनवर तारीख सांगा. त्यांना आणायला स्वतः गाडी लावलीत तर तो गुन्हा आहे. वरण-बट्टीच्या पंगती पॅनलवाल्यांना करू द्या; त्यात तुम्ही पुरे पडणार नाही, आणि ताटागणिक खर्च तुमच्या नावावर चढतो. 2017 मध्ये सरपंचासाठीची मर्यादा 7-9 सदस्यांच्या गावात 50 हजार, 11-13 ला 1 लाख, 15-17 ला 1 लाख 75 हजार ठरली होती. चालू आकडा तहसीलमधून लेखी घ्या. खर्च रोजच्या रोज लिहा.

मतदार सरपंचासाठी एक आणि प्रभागातल्या सदस्यांसाठी वेगळी अशी तीन-चार बटणं दाबतो. सरपंचाची मतपत्रिका फिकट निळी असते, हे म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा. प्रत्येक केंद्रावर तुमचा प्रतिनिधी अभिरूप मतदानालाच (यंत्र तपासायच्या मॉक पोललाच) बसलेला हवा, त्याने यंत्राचा आणि सीलचा क्रमांक लिहून घ्यावा.

एकटा सरपंच निवडून आला आणि सदस्य सगळे समोरचे, तर मासिक सभेत प्रत्येक ठराव अडतो. तीन-चार सदस्य तरी सोबत उभे करा. अविश्वासाचं भय सुरुवातीला कमी: पहिली 2 वर्षं ठराव आणता येत नाही, नंतरही तीन चतुर्थांश सदस्य आणि वर ग्रामसभेची मंजुरी लागते.

निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब तहसीलला द्या आणि पोच घ्या. हरलेल्यांनाही हे बंधन आहे. हिशेब दिला नाही तर आयोग 5 वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो.