घटस्फोटानंतर मुलाच्या खर्चाची करवजावट कोणी घ्यायची?

मूल कोणाकडे राहतं यावर वजावट ठरत नाही. पैसे कोणाच्या खात्यातून गेले यावर ठरते. नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात संमतीच्या घटस्फोटाच्या अटी लिहिताना ताबा, भेटीचे दिवस आणि पोटगी यांवर बराच खल होतो. फी कोण भरणार हे मात्र एका ओळीत उरकलं जातं आणि जूनमध्ये शाळेच्या खिडकीवर त्याचा घोळ होतो. ती ओळ सविस्तर लिहून घ्या.

इंटरनेटवर शोधलंत तर 'फॉर्म ८३३२' समोर येईल. तो अमेरिकेतला आहे. तिथे एका वर्षी एकाच पालकाला मूल आपल्या विवरणपत्रात दाखवता येतं. आपल्याकडे अख्खं मूल 'दाखवायची' सोय नाही, प्रत्येक खर्चाची वजावट वेगळी. त्यामुळे फी वडिलांनी आणि आरोग्य विमा आईने, अशी वाटणी सहज करता येते.

सुरुवात करप्रणालीपासून करा. नवी प्रणाली आता आपोआप लागू होते आणि तीत ८०सी (ट्यूशन फी, बचत), ८०डी (आरोग्य विमा), ८०ई (शैक्षणिक कर्जाचं व्याज) या कलमांखालची वजावट मिळत नाही. ती जुन्या प्रणालीतच मिळते. समजा, आई नाशिकरोडला नोकरीला आहे, करपात्र उत्पन्न ९ लाख, नवी प्रणाली. २०२५-२६ पासून या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर करसवलतीमुळे करच लागत नाही, म्हणजे तिने भरलेल्या फीचा कराच्या दृष्टीने उपयोग शून्य. वडील सातपूरच्या कारखान्यात, पगार १८ लाख, गृहकर्जामुळे जुन्या प्रणालीत. ६०,००० रुपये ट्यूशन फी त्यांनी थेट शाळेला भरली, तर ३१.२ टक्क्यांनी १८,७२० रुपये कर वाचतो. पण त्यांचा भविष्यनिर्वाह निधी आणि कर्जाचं मुद्दल यांनीच ८०सीची दीड लाखाची मर्यादा भरली असेल, तर तिथेही शून्य. आधी दोघांचे आकडे मांडा, मग ठरवा.

एक धोका इथेच सांगायला हवा. दरमहा अमुक रक्कम आईच्या खात्यात भरावी असा न्यायालयाचा हुकूम असेल, तर फी भरली म्हणून ती रक्कम परस्पर कापू नका. ती थकबाकी धरली जाऊ शकते. दोघांना मान्य असेल तर बदल अटींमध्येच करून घ्या. पोटगी देणाऱ्याला त्या रकमेची वजावट मिळत नाही. त्या पैशांतून आईने तिच्या खात्यातून फी भरली, तर वजावट तिची.

८०सीत फक्त ट्यूशन फी धरतात, तीही भारतातल्या पूर्णवेळ शिक्षणाची. नर्सरी चालते, खाजगी क्लास, बस, देणगी, विकासशुल्क चालत नाही. म्हणून शाळेकडून ट्यूशन फीचा आकडा वेगळा दाखवणारं प्रमाणपत्र घ्या. प्रत्येक पालकाला दोन मुलांपर्यंत वजावट मिळते. एकाच मुलाची फी दोघांनी वाटून भरली, तर ज्याने जितकी भरली तितकी त्याची. वर्ष शाळेचं नव्हे, भरल्याच्या तारखेचं: जूनच्या सत्राची फी मार्चमध्ये भरली तर ती संपणाऱ्या आर्थिक वर्षात धरतात. आजोबांनी किंवा मामांनी भरली तर त्यांना वजावट मिळत नाही, कारण मूल त्यांचं 'अपत्य' नाही. आईने पुन्हा लग्न केलं असेल तर सावत्र वडिलांना मात्र मिळते, कायद्याच्या व्याख्येत सावत्र अपत्यही येतं.

सगळ्यात जास्त चुका पावतीवर होतात. शाळेच्या ॲपवर वडिलांचाच मोबाईल नोंदलेला असतो, पैसे आई भरते आणि पावती वडिलांच्या नावाने निघते. शाळेत पालकांची नोंद बदलून घ्या, रोख भरू नका, पावतीसोबत बँकेचा उतारा ठेवा. एकाच पावतीवर दोघांनी दावा केला आणि चौकशी झाली, तर खातं ज्याचं त्याचं खरं ठरतं. दुसऱ्याला कर, व्याज आणि चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

आरोग्य विमा: ८०डीत २५,००० रुपयांपर्यंत, हप्ता रोखीने नको. घटस्फोटाच्या हुकमानंतर पूर्वीच्या जोडीदाराच्या वाट्याचा हप्ता यात धरता येत नाही, अवलंबून असलेल्या मुलाचा येतो. सुकन्या समृद्धी: मुलीमागे खातं एकच, वर्षाला २५० ते १,५०,००० रुपये. भरणा दोघांनी केला तरी कमाल मर्यादा खात्याची.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: मुलाच्या नावावरच्या पैशांचं व्याज. बँकेतल्या किंवा पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, कलम ६४(१ए) प्रमाणे पालकाच्या उत्पन्नात मिळवतात. लग्न कायम असेल तर ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या. नुसतं वेगळं राहणं पुरत नाही, हुकूम होईपर्यंत लग्न कायमच. घटस्फोटानंतर ते त्या वर्षी मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात जातं. व्याज २४,००० असेल तर जुन्या प्रणालीत मुलामागे १,५०० वजा करून २२,५०० धरायचे. नव्या प्रणालीत पूर्ण २४,०००. मुलाने स्वतःच्या कलेतून किंवा कौशल्यातून मिळवलेलं उत्पन्न त्याचं स्वतःचं, ते मिळवत नाहीत.

ठेवीला अजून वडिलांचा पॅन जोडलेला असेल, तर व्याज प्राप्तिकर विभागाकडच्या त्यांच्या वार्षिक माहिती पत्रकात (एआयएस) दिसत राहतं आणि नोटीस त्यांना येते. हुकमाची प्रत घेऊन बँकेत जा, पालकाचं नाव आणि पॅन बदलून घ्या. व्याजावर करकपात झाली असेल, तर ज्याच्या उत्पन्नात व्याज मिळवलं त्याला तिचं श्रेय मिळावं असं घोषणापत्र बँकेला द्या. एकदा एका पालकाकडे हे उत्पन्न धरलं गेलं की पुढच्या वर्षी कर अधिकाऱ्याची खात्री पटल्याशिवाय ते दुसऱ्याकडे जात नाही, म्हणून पहिल्या वर्षीच नीट ठरवा.

वर लिहिलेले कलम-क्रमांक १९६१च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू आहे आणि त्यात ८०सीची जागा कलम १२३ने घेतली आहे. संमतीच्या अटींमध्ये नुसता '८०सी' न लिहिता 'शाळेची ट्यूशन फी वडील थेट भरतील व तिची वजावट तेच घेतील' असं पूर्ण वाक्य लिहा, म्हणजे क्रमांक बदलला तरी अर्थ बदलणार नाही.