एआर चष्म्यात दिशा दाखवायचीय? मग बाण असा लावा

एआर चष्म्यासाठी, म्हणजे समोरच्या खऱ्या जगावर चित्रं दाखवणाऱ्या चष्म्यासाठी, नेव्हिगेशन करायला बसलं की पहिला मोह होतो रस्त्यावर मस्त निळी पट्टी अंथरायचा. व्हिडिओत झकास दिसते, पण चष्मा घालून चालायला लागलं की कळतं डिस्प्ले केवढासा असतो ते. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स 2 हा एआर चष्मा घ्या, डिस्प्ले आडवा मोजला तर साधारण 43 अंश, आणि आपल्याला दोन्ही डोळ्यांनी 180 च्या वर दिसतं. म्हणजे वळण डावीकडे 60 अंशांवर असेल तर तुमचा थ्रीडी बाण तिकडे हवेत लटकत बसणार आणि माणूस नाकासमोर सरळ निघून जाणार.

म्हणून वळण डिस्प्लेच्या बाहेर असेल तोवर कडेला एक छोटा बाण ठेवा, जो डोक्याबरोबर फिरतो. त्याचं काम एकच, मान वळवायला लावणं. वळण नजरेत आलं की तो बाण काढून टाका आणि खूण खऱ्या जागेवर टेकवा. दोन्ही एकदम दिसले की लोक जागच्या जागी थबकतात.

आता खरी गंमत. नाकासमोर शून्य, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे असा कोन मोजला, तर जायचं ठिकाण बरोब्बर पाठीमागे असताना तो +179 वरून -179 वर जातो, आणि मान जरा हलली की बाण डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, नुसता बेडूक. उपाय सोपा, एकदा उजवी बाजू ठरली की पाठीमागची मधली रेषा 20-30 अंश ओलांडेपर्यंत ती बदलायचीच नाही. कडेचा बाण दिसण्या-लपण्यालाही हेच, एकाच कोनावर दोन्ही ठेवलं तर तो लुकलुकत राहतो.

कंपासवर फार भरवसा नको, आजूबाजूला लोखंड-पोलाद असलं की तो भरकटतो. 10 अंशांची चूक म्हणजे 20 मीटरवर साडेतीन मीटर, शेजारचं दार दाखवायला तेवढं पुरतं. कॅमेऱ्यावरून जागा ओळखता येत असेल तर तीच वापरा, नसेल तर टोकदार बाण दारावर रोखूच नका, रुंद कमान दाखवा. सेन्सरला जेवढं माहीत नाही तेवढं ठामपणे सांगायचं म्हणजे थापच झाली ना!

रंगाचं पण बघा. आरपार दिसणाऱ्या डिस्प्लेत काळा रंग म्हणजे काहीच नाही, असा डिस्प्ले फक्त उजेड घालतो, त्यामुळे काळी किनार देऊन बाण उठून दिसेल ही आशा सोडा. जाड, भडक, भरीव आकार घ्या, बारीक रेघा उन्हात गायब होतात.

वेळेचं म्हणाल तर माणूस सेकंदाला साधारण 1.4 मीटर चालतो, म्हणजे 5 सेकंद आधी सांगितलं तर वळण अजून 7 मीटर लांब. तेव्हा फिकट बाण, वळणाशी आल्यावर ठळक, नाहीतर मधल्याच बोळात शिरतील.

आवाज डाव्या-उजव्यासाठी चांगला, पण पुढे-मागे ओळखायला कान फसतात, दोन्हीकडून आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोचतो. तिथे मनगटावर थरथर दिलेली बरी.

आणि डिस्प्लेचा मधला भाग मोकळा ठेवा, रस्ता ओलांडताना तर सगळंच लपवा. टेस्टिंगला असा माणूस घ्या ज्याने चष्मा कधी घातला नाही, त्याच्या मागून चाला, काही बोलू नका, फक्त पाय कुठे अडखळतात ते टिपत जा. नंतर विचारलं तर तो ‘छान आहे’ एवढंच म्हणतो.