पुढची लेन्स घेण्याआधी हुकलेले फोटो मोजा

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. सोमवार ते शनिवार व्हर्नियर, गेज आणि रिजेक्शनचे लाल टॅग, रविवारी कॅमेरा. हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे जेवणाच्या सुट्टीत कुणी ना कुणी येऊन विचारतंच, "ताई, कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स वापरून झाली, आता पुढची कोणती घेऊ?" मी उलट विचारते, "कुठला फोटो हुकला?" बहुतेक जण इथेच गप्प होतात. म्हणजे हात शिवशिवतायत, पण गरज अजून ठरलेली नाही.

लेन्समुळे फोटो हुकतो तो चार कारणांनी. पोचलं नाही, मावलं नाही, उजेड पुरला नाही, किंवा हवं तितकं जवळ जाता आलं नाही. पाचवं कारण सगळ्यात मोठं आहे, आपण पहाटे उठलोच नाही. त्यावर कुठल्याच कंपनीची लेन्स निघालेली नाही.

तेव्हा आधी घरचा हिशोब करा. गेल्या वर्षभराचे फोटो कॉम्प्युटरवर उघडा. डिजीकॅम हे फोटो लावायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लाइटरूम असेल तर त्यात मेटाडेटाचा, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीचा, फिल्टर आहे. फोटो फोकल लेंथप्रमाणे, म्हणजे लेन्स किती लांबचं ओढते त्या मिलिमीटरच्या आकड्याप्रमाणे, लावा. १८-५५ ची किट लेन्स असेल तर १८ वर एक ढीग दिसेल आणि ५५ वर दुसरा. हे बघून लगेच "मला लांबची लेन्स हवी" असं ठरवू नका. हे ढीग जवळजवळ सगळ्यांचेच असतात, कारण झूमची रिंग आपण टोकाला नेऊनच सोडतो. खरी गोष्ट ढिगाच्या आत असते. ५५ चे फोटो एकेक बघा. त्यातले किती नंतर अर्ध्याहून जास्त कापावे लागले? १८ वाल्यांत किती वेळा पाठ भिंतीला टेकलेली होती? आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ३२०० च्या वर किती गेले, आणि चेहरे हलल्यामुळे किती टाकून द्यावे लागले? वहीत प्रत्येक हुकलेल्या फोटोपुढे एकच शब्द लिहा: लांब, रुंद, अंधार, जवळ. जो शब्द जास्त वेळा येईल, लेन्स त्याची.

घरच्या मुलाबाळांचे फोटो यातून वगळू नका. पुष्कळांच्या मनात पक्ष्यांची लेन्स असते आणि कार्डावर मात्र बारशी, वाढदिवस, गणपती. पैसे कार्डावर जे आहे त्यासाठी घालावेत असं माझं मत.

नाशिककरांच्या वहीत "अंधार" हा शब्दच जास्त येतो, असं मला दिसलंय. सराफ बाजारातल्या गल्ल्या, जुन्या वाड्यांचे चौक, रामकुंडावरची संध्याकाळची आरती ही आपली आवडती ठिकाणं, आणि सगळीकडे उजेडाची बोंब. किट लेन्स ५५ ला नेली की तिचं अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). तिथेच साधी ५० एमएम एफ १.८ लावली तर किती फरक पडतो ते काढा: ५.६ ला १.८ ने भागा आणि येईल त्याचा वर्ग करा. जवळजवळ दहा. म्हणजे दहापट उजेड. जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे ६४० च्या आसपास भागतं. किंवा आयएसओ तोच ठेवून शटर १/३० सेकंदावरून १/३०० वर नेता येतं, आणि फिरती आरती जागच्या जागी थांबते. "माझ्या लेन्सला स्टॅबिलायझर आहे की" असं बरेच जण म्हणतात. स्टॅबिलायझर आपला हात सांभाळतो, पुजाऱ्याचा नाही.

एफ १.८ चा तोटाही समजून घ्या. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, ५० एमएमने दीड मीटरवरून चेहरा घेतला तर फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम सहा-सात सेंटिमीटर असते. डोळा काटेकोर, कान गेला. दोन माणसं मागेपुढे उभी असतील तर एकच मिळेल. म्हणून आरतीला मी एफ २.८ वर असते आणि ज्योत नुसती पांढरी होऊ नये म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा, ठेवते.

३५ घ्यायची की ५०? क्रॉप बॉडीवर (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) फुल फ्रेमच्या तुलनेत आकडा दीडपट धरायचा, कॅननवर १.६ पट. म्हणजे ३५ ची होते सुमारे ५०, आणि ५० ची ७५-८०. गल्लीत ५० घेऊन पूर्ण माणूस बसवायला गेलात तर मागे सरत सरत समोरच्याच्या दुकानात शिराल. नुसते चेहरे काढणार असाल तर ५० मस्त. ठरत नसेल तर किट लेन्सची रिंग एक रविवार ३५ वर ठेवून तिला कागदी चिकटपट्टी लावा, पुढचा रविवार ५० वर. ज्या दिवशी चिकटपट्टी काढून टाकावीशी वाटली, तो आकडा तुमचा नाही. या चाचणीला पैसे पडत नाहीत, पण कुणी करत नाही.

आता "लांब". हा शब्द नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातून येतो. हिवाळ्यात गोदावरी-कादवेच्या संगमावर गेलेला प्रत्येक जण परत येताना ६०० एमएमचा भाव काढत येतो. आमच्या असेंब्लीतल्या एका मुलाने असाच कर्ज काढायचा बेत केला होता. त्याला मी कागदावर गणित घालून दिलं. सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिलिमीटर, लेन्स ३०० ची, पक्षी ४० मीटरवर: चौकटीत सुमारे तीन मीटर रुंदीचं पाणी येतं. चक्रवाक साधारण ६५ सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे चौकटीचा पाचवा हिस्सा. कापून घ्यायला पुरेसा. आता पक्षी १०० मीटरवर धरा. ३०० ला तो चौकटीचा बारावा हिस्सा होतो आणि ६०० ला सहावा. दुप्पट झाला खरा, पण मधे १०० मीटर हवा आहे. ऊन चढलं की पाण्यावरची ती हवा थरथरायला लागते आणि पिसांचा नुसता लगदा होतो. महागड्या लेन्समध्येही लगदाच, फक्त मोठा.

माझा क्रम असा: आधी ५५-२५० किंवा ७०-३००. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, पिशवीत पडून राहते. तिच्यावर एक अख्खा हिवाळा काढा, सूर्य उगवायच्या आत पोचा, एका जागी दम धरून बसा. त्यानंतरही वहीत "लांब" येत राहिलं तर १५०-६०० चा विचार करा, आणि तोही आधी भाड्याने आणून. ती दोन किलोच्या घरात जाते. शोरूममध्ये दोन मिनिटं उचलून काही कळत नाही, पक्षी बघायच्या टॉवरवर दोन तास धरून बघा. आपल्याकडे लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना लेन्स भाड्याने देणारे आहेत. अनामत आणि ओळखपत्र लागतं. लग्नसराईत ते आपल्याला उभं करत नाहीत. चातुर्मासात मात्र लेन्सा पडून असतात, तेव्हा दरही घासाघीस करून घ्या.

"रुंद"साठी लगेच खर्च करू नका. काळारामाचं अख्खं मंदिर चौकटीत बसत नाही म्हणून १०-१८ ची रुंद लेन्स घेतलेल्यांचे फोटो मी पाहिलेत. कॅमेरा वर झुकवला की शिखर मागे कलंडतं आणि पुढची फरशी मैदानाएवढी होते. किट लेन्स ३० च्या आसपास ठेवा, कॅमेरा उभा धरा, एक्स्पोजर मॅन्युअलवर लॉक करा आणि एकावर एक तिसरा हिस्सा चढवत पाच-सहा फोटो घ्या. हगिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर ते जोडून देतं. माणसं हलत असतील तिथे ही युक्ती चालत नाही. रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीच्या (रंग खेळायच्या हौदाच्या) काठावर उभं राहून फोटो काढायचे असतील तर रुंद लेन्सला पर्याय नाही. पण वर्षातून एका दिवसासाठी भाड्याची बरी.

"जवळ" म्हणणारे पावसाळ्यात अंजनेरीला भेटतात, गवतात पोटावर पडलेले. तिथलं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, याला त्या डोंगराचंच नाव मिळालंय. मॅक्रो लेन्सच्या, म्हणजे अगदी जवळून मोठं दाखवणाऱ्या लेन्सच्या, आधी एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणारी पोकळ नळी, वापरून बघा. २५ एमएमची ट्यूब ५० च्या लेन्समागे लावली की मोठेपणात अर्ध्या पटीची भर पडते. ट्यूब सोनेरी संपर्कबिंदू असलेलीच घ्या, बिनसंपर्काच्या स्वस्त ट्यूबमधून आजच्या बहुतेक लेन्सांचं अपर्चर बदलता येत नाही. फुलांना एवढं पुरतं. कीटकांच्या मागे असाल तर ९० किंवा १०० ची खरी मॅक्रो लागेल, कारण ट्यूब लावल्यावर इतकं जवळ जावं लागतं की तोवर किडा उडालेला असतो. आणि झाडं तुडवू नका, दुर्मीळ फुलाच्या शेजारी दुर्मीळ फुलाचंच रोप असतं.

१८-३०० सारख्या सगळंकाही लेन्सला जाणकार नाक मुरडतात. मी नाही मुरडत. हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्यांवर लेन्स बदलून दाखवा, मग बोलू.

पैसे देण्याआधी माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडली जाते ती जागा, तपासा. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सा त्यांवर हातानेच फोकस कराव्या लागतात. उलट नव्या एएफ-पी लेन्सा डी ३२०० किंवा डी ५१०० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच होत नाहीत, हातानेही नाही. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सा आर मालिकेवर अडॅप्टरने छान चालतात. "पुढे फुल फ्रेम घेणार आहे" म्हणून आज दुप्पट पैशांची लेन्स घेऊ नका. ती बॉडी येईल तेव्हा येईल.

सेकंडहँड लेन्स घ्यायला माझा मुळीच विरोध नाही, पण तपासल्याशिवाय आपण मालाचा जीआरएन (माल मिळाल्याची पावती) करतो का? नाही ना? मग इथेही नाही. सोबत घ्या आपली बॉडी, चार्ज केलेली बॅटरी, रिकामं कार्ड आणि एक टॉर्च.

आधी बाहेरून बघा. पुढच्या फिल्टरच्या आट्यांवर चेप असेल तर लेन्स पडलेली आहे. मागच्या माउंटच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर ती उघडलेली आहे. कुणी आणि कशासाठी, ते विचारा. झूम रिंग फिरवताना कुठे अडकते का, लेन्स खाली धरल्यावर नळी आपोआप घसरते का, पाहा. मग सावलीत जाऊन एका टोकातून टॉर्च तिरपी मारा आणि दुसऱ्या टोकातून बघा. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, फोटोत ते येत नाहीत. केसासारखे, फांद्या फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. दूधट धुकं दिसलं तर तेही नको. "साफ करून देतो" म्हणतील, पण बुरशीने कोटिंग खाल्लेलं असेल तर ते साफ करून परत येत नाही. अपर्चरच्या पात्यांवर तेलकट चमक दिसली तरी नकार द्या.

यानंतर भिंत. विटांची किंवा टाइलची, सपाट. कॅमेरा स्टुलावर ठेवून भिंतीला समांतर करा, अपर्चर पूर्ण उघडं, दोन सेकंदांचा टायमर, आणि फोटो. स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे बघा. चारही कोपरे सारखेच मऊ, म्हणजे अस्पष्ट, असतील तर लेन्सचा तो स्वभाव आहे, दोन स्टॉप अपर्चर बंद करा, सुधारतील. तीन कोपरे ठणठणीत आणि एकच मऊ असेल, तर आतली काच जागेवरून सरकलेली आहे. दुसऱ्या अंतरावरून तोच फोटो परत घ्या. तोच कोपरा पुन्हा मऊ आला की लाल टॅग. भावात कितीही उतरले तरी नको. नवीन लेन्सलाही घरी आणल्या आणल्या हीच चाचणी द्या, बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत. बिल आणि सिरियल नंबर जुळतो का ते बघा. बिनबिलाची "बाहेरची" लेन्स स्वस्त असते, कारण तिला इथली वॉरंटी नसते.

घरी आणल्यावर लेन्स कपाटातल्या बॅगेत कोंडू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, रंग बदलणारी सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० च्या मधे राहिला पाहिजे. जेलचा रंग उतरला की कढईत मंद आचेवर कोरडी करून घ्या.

सध्या एक वेगळाच प्रश्न येतो: "सिंहस्थासाठी कोणती घेऊ?" मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे पाऊस, चिखल आणि खांद्याला खांदा लागलेली गर्दी. तिथे लेन्स बदलायला जागा नसेल आणि कोरडा हातही नसेल. १८-१३५ सारखी एकच लेन्स बॉडीवर चढवून, वर पावसाचं कव्हर घालून जा. भाड्याने आणायचा विचार असेल तर मात्र दुकानदाराकडे खूप आधी नाव घालून ठेवा, त्या दिवसांत शहरात एकही लेन्स मोकळी राहणार नाही.