गावाच्या भूमी उपयोगाचा प्रकल्प करताय? या चुका टाळा

मंगळवेढ्याच्या बाजूला ऑगस्टमध्ये सर्वेक्षणाला गेलात तर काळी रानं उघडी पडलेली दिसतील. कुळवाच्या पाळ्या घालून ठेवलेली, पण एक हिरवं पान नाही. भूगोलाच्या प्रकल्पात ही रानं कुणी ना कुणी 'पडीक' म्हणून रंगवतोच. पडीक कसली? हा रब्बी ज्वारीचा पट्टा. खोल, भारी माती पावसाळाभर पाणी धरून ठेवते, पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि त्या ओलीवर कणीस भरतं. खरिपात रान मोकळं ठेवणं हा इथल्या शेतीचाच भाग आहे.

एका भेटीवर नकाशा रंगवणं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. शेतीचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं धरतात. त्या वर्षात एकदा तरी पेरलेली जमीन निव्वळ पेरणी क्षेत्रात जाते. संपूर्ण वर्ष पेरली नाही तरच ती चालू पड. एक ते पाच वर्षं पेरणी नसेल तर इतर पड, आणि पाच वर्षांहून जास्त काळ पडून असेल तर मशागतयोग्य पडीक. म्हणजे जमीन कोणत्या रकान्यात घालायची हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, मागच्या पाच वर्षांचा इतिहास लागतो. तो विचारायचा कसा? "तुमची जमीन पडीक आहे का?" असं विचारलंत तर शेतकरी दुखावेल नाहीतर सावध होईल. शेतात उभं राहून "गेल्या साली इथं काय होतं? त्याच्या आदल्या साली?" असं विचारा, उत्तर आपोआप मिळतं.

कोकणात गोष्ट आणखी वेगळी. डोंगरउतारावरची वरकस जमीन काही वर्षं नाचणी-वरीला, मग काही वर्षं गवताला. कागदावर ती इतर पडीत जाते, पण तिथला पाला, गवत आणि कवळं (तोडलेल्या हिरव्या फांद्या) खाली खलाटीतल्या भाताच्या राबाला, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, लागतं. भाताचं क्षेत्र मोजून वरकस सोडून दिलीत, तर अर्धी शेती टिपायची राहून गेली. तुमच्या तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना नसेल तर टीप लिहा, पण 'उपयोग नाही' असं लिहू नका.

बेरीज जुळत नाही?

आकडे जुळत नाहीत म्हणून रात्रभर जागणाऱ्यांपैकी बहुतेकांचं गणित बरोबरच असतं. चूक मुळात असते. तुम्ही घरोघर जाऊन विचारता, "तुमची जमीन किती?" ती बेरीज गावात राहणाऱ्यांच्या जमिनीची. तलाठ्याकडचा (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) आकडा गावाच्या शिवेतल्या जमिनीचा. या दोन वेगळ्या गोष्टी. गावातल्या माणसाचं रान पलीकडच्या गावच्या शिवारात असतं, आणि तुमच्या शिवारातले कितीतरी गट (क्रमांक दिलेले जमिनीचे तुकडे) पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांच्या नावावर असतात. आधी ठरवा, अभ्यास माणसांचा की शिवाराचा. शिवाराचा असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातला गट नकाशा घ्या आणि गटवार चाला.

दुसरी गफलत गावाच्या हद्दीची. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात. ग्रामपंचायतीत एक आकडा मिळतो, जनगणनेच्या पुस्तिकेत दुसरा. तुमचा एकक महसुली गाव असू द्या, त्याचा जनगणना क्रमांक अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा.

तिसरी गोष्ट पोटखराब्याची. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र वेगळं, पोटखराबा वेगळा आणि एकूण क्षेत्र वेगळं. पोटखराब्याचा वर्ग 'अ' म्हणजे लागवडीला अयोग्य धरलेला तुकडा, बांध-खडक वगैरे. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, नाला असा सार्वजनिक वापराचा. गंमत म्हणजे 'अ' मधले कितीतरी तुकडे आज शेतकऱ्याने जेसीबी लावून, गाळ भरून पिकाखाली आणलेले दिसतात. कागद खराबा म्हणतो आणि तिथे डाळिंब उभं असतं. अशा वेळी कागदातला आकडा आणि पाहिलेला आकडा दोन्ही द्या. फरक हाच तुमच्या अहवालातला वाचण्यासारखा भाग असतो. गायरानाचंही तेच. नोंद गुरचरणाची, आणि जागेवर घरं, नाहीतर पिकं.

मग एककं. शेतकरी सांगतो, "दोन एकर दहा गुंठे." विद्यार्थी एक्सेलमध्ये २.१० लिहितो. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून दहा गुंठे म्हणजे पाव एकर. लिहायला हवं २.२५. सहा गुंठे तिथेच गायब झाले, आणि शंभर कुटुंबांत असं झालं तर अख्खा मळा हरवला. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं येतं, ०.८१.००. एक्सेलला दोन टिंबं समजत नाहीत, तो हा आकडा मजकूर समजून बेरजेतून वगळतो आणि कुरकुरतही नाही. तीन रकाने करा, शेवटी एकत्र करा. एक हेक्टर म्हणजे १०० आर, एक एकर म्हणजे ४०.४७ आर.

पीक तीव्रतेचा फसवा आकडा

इथे मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण प्रकल्पांचे निष्कर्ष इथेच उलटे होतात. सूत्र सगळ्यांना पाठ असतं: एकूण पिकाखालील क्षेत्र (दोनदा पेरलेली जमीन दोनदा मोजून) भागिले निव्वळ पेरणी क्षेत्र, गुणिले १००. पण ऊस बारा महिने, आडसाली असेल तर पंधरा-अठरा महिने रानात उभा असतो आणि मोजला जातो एकदाच.

समजा दोन गावं, दोघांचं निव्वळ पेरणी क्षेत्र ४०० हेक्टर. वाळव्याकडच्या गावात ३०० हेक्टर ऊस, उरलेल्या १०० पैकी ६० हेक्टरवर दोन पिकं. एकूण क्षेत्र ४६०, तीव्रता ११५ टक्के. लातूरकडच्या कोरडवाहू गावात १६० हेक्टरवर आधी मूग, मग ज्वारी, बाकीवर एकच पीक. एकूण ५६०, तीव्रता १४० टक्के. विद्यार्थी लिहितो, 'दुसऱ्या गावात जमिनीचा वापर अधिक सघन आहे.' बारमाही पाणी, खतं, तोडणी टोळ्या, कारखान्याचा फेरा असलेलं गाव मागे आणि पावसावर मूग टेकवून बसलेलं गाव पुढे! आकडा चुकलेला नाही, त्याला विचारलेला प्रश्न चुकला आहे. शेजारी सिंचित क्षेत्राचा वाटा द्या आणि पीक किती महिने उभं राहतं तेही लिहा. एवढं केलं की वाचणाऱ्याला चित्र कळतं.

उपग्रहचित्रावर डोळे मिटून भरवसा

गुगल अर्थवरचं चित्र कोणत्या महिन्याचं आहे हे न बघता त्यावर रेघा मारणारे पुष्कळ. एप्रिलचं चित्र घेऊन खरीप पिकं शोधायची नसतात. तारीख पाहिली तरी आकाराचा प्रश्न उरतो. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. महाराष्ट्रात वहिती खात्याचं (एक शेतकरी कसतो त्या सगळ्या जमिनीचं) सरासरी क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ च्या कृषी गणनेत ते १.३४ वर आलं. त्यातही वाटण्या होऊन लांबट पट्ट्या झालेल्या. एका ठिपक्यात सोयाबीन, तूर आणि बांधावरचं बाभळीचं झाड एकत्र मिसळतात. सेंटिनेल-२ उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा, साधारण गुंठ्याएवढा, तो बरा. पण पावसाळ्यात त्याला ढग आडवे येतात.

शिवाय चित्रातलं हिरवं म्हणजे जंगल नव्हे. रत्नागिरीत कलमांची जुनी बाग चित्रात रानासारखीच दिसते. १९९० नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून आंबा-काजूखाली गेलेले कितीतरी उतार आज असे दिसतात. बाग निव्वळ पेरणी क्षेत्रात धरायची असते. उलट बाजूने, वनखात्याच्या नोंदीतल्या जमिनीवर एकही झाड नसू शकतं, तरी तक्त्यात ती 'वने' मध्येच राहते.

बाजारापासूनच्या अंतरानुसार शेती बदलते असं सांगणाऱ्या फॉन थ्यूननची वर्तुळं गावठाणाभोवती काढू नका, एवढंच. त्याचं पुस्तक १८२६ चं, उत्तर जर्मनीतलं. गाडीने माल बाजारात नेण्याचा खर्च हा त्याचा कणा. दूध शहराला लागूनच हवं, हे त्याच्या काळी खरं होतं. आज गोकुळचं दूध कोल्हापूरहून मुंबईला जातं. आणि आपल्याकडे माणसं गावठाण सोडून वस्तीवर, मळ्यात राहायला गेलीत. घर आणि रान यांतलं अंतर मोजण्यापेक्षा विहीर, पाइपलाइन आणि साखर कारखाना यांच्यापासूनचं अंतर मोजा, नकाशा बोलू लागेल.

सातबाऱ्यावरचं नाव आणि रानातला माणूस

अर्धेलीने, खंडाने, बटईने केलेली शेती कागदावर क्वचितच येते. मालक एक, कसणारा दुसरा, आणि पीक काय घ्यायचं हे ठरवणारा कधी तिसरा, म्हणजे ज्याच्याकडून उचल घेतली तो. प्रश्नावलीत 'जमीन कोणाच्या नावावर' यानंतर 'यंदा पेरलं कुणी' आणि 'पीक ठरवलं कुणी' हे दोन प्रश्न घाला. बाईला वेगळं विचारा, घरातल्या कर्त्या पुरुषासमोर नव्हे. खुरपणी किती दिवस चालली हे तिलाच नेमकं ठाऊक असतं.

पिकांची नोंद पूर्वी चावडीत बसूनही भरली जायची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी स्वतः मोबाइलवर फोटोसह नोंद करू लागला. तरीही शेजाऱ्याने भरून दिलेल्या, विम्यासाठी किंवा कर्जासाठी घाईने केलेल्या नोंदी सापडतात. निदान दहा गट चिठ्ठ्या टाकून निवडा, नोंद हातात घेऊन त्या बांधावर जा आणि ताळा करा. किती जुळले, किती नाही, हे अहवालात आकड्याने लिहा. मार्गदर्शक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.