उंच डोंगराळ भागात ईआरव्ही बसवताय? या चुका टाळा

ईआरव्ही म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आणि ओलावा आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं वायुवीजन यंत्र. 3000 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 30 टक्के कमी असतो, आणि तापमान तेच धरलं तर घनताही तेवढीच घटते. ईआरव्हीच्या माहितीपत्रकातले आकडे मात्र बहुधा समुद्रसपाटीचे असतात. ते जसेच्या तसे धरून पंखा निवडणं ही पहिली चूक. विरळ हवेत डक्टमधला (हवा वाहून नेणाऱ्या नळीतला) अडथळा घटतो, तसाच पंख्याचा दाबही घटतो. इथपर्यंत हिशेब जुळतो. पण कोअरच्या, म्हणजे दोन्ही हवांमध्ये उष्णतेची देवाणघेवाण होते त्या गाभ्याच्या, बारीक वाटांमधला अडथळा हवेच्या चिकटपणावर ठरतो आणि चिकटपणा उंचीने बदलत नाही. म्हणून प्रवाह कमी पडतो. पंख्याच्या दाबाला भरपूर वाव असलेलं मॉडेलच घ्या.

पिटो नळीने (दाबाच्या फरकावरून हवेचा वेग मोजणाऱ्या नळीने) प्रवाह मोजताना मीटरमध्ये स्थानिक दाब भरा. न भरल्यास याच उंचीवर खरा प्रवाह दाखवलेल्या आकड्याच्या सुमारे 1.2 पट असतो. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा दोन्ही घरातल्या उबदार बाजूलाच मोजा. एक माप उणे 15 अंशांच्या डक्टमध्ये आणि दुसरं 20 अंशांवर घेतलं, तर फक्त तापमानामुळेच 12 टक्क्यांचा फरक पडतो आणि दोन्ही प्रवाहांचं संतुलन बिघडतं.

कार्बन डायऑक्साइड सेन्सरमध्ये उंची भरायची राहून जाते. इन्फ्रारेड सेन्सर अशा वेळी कमी आकडा दाखवतो, यंत्र मंद चालतं आणि झोपायची खोली कोंदट राहते.

पहाटे आत येणारी हवा गार लागते आणि दुपारी आपोआप सुधारते? मग बहुधा कोअरमध्ये बर्फ धरतोय. दिवसभर गारच असेल, तर आधी संतुलन तपासा. बर्फ वितळवण्यासाठी आत येणाऱ्या हवेचा पंखा बंद करणारी पद्धत लाकडाची शेगडी असलेल्या घरात कधीच ठेवू नका; घरात ऋण दाब तयार होऊन धूर आणि कार्बन मोनॉक्साइड आत ओढला जातो. त्याऐवजी प्रीहीटर (बाहेरची हवा कोअरमध्ये जाण्याआधी तापवणारा हीटर) लावा. याच उंचीवर ताशी 150 घनमीटर हवा उणे 20 वरून उणे 5 अंशांवर आणायला साधारण 600 वॅट लागतात.

डक्टचं बाहेरचं तोंड हिवाळ्यातल्या बर्फाच्या सर्वांत उंच थरापेक्षा वर ठेवा. त्यावर डासांची बारीक जाळी नको, ती हिमकणांनी एका रात्रीत बुजते.